"घेतो ना जी पंप!" : इनहेलर शिकवताना नेमकं कुठे फिसकटतं

तुमचा प्रश्न मी बरोबर समजले की नाही ते कळावं म्हणून आधी माझ्या शब्दांत मांडते. भिवापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर तुम्ही दीड वर्षापासून समुदाय आरोग्य अधिकारी आहात. तुमच्याकडे सीओपीडीचे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागण्याच्या जुनाट आजाराचे, १४ रुग्ण आहेत. बहुतेकांनी नागपूरला दाखवून इनहेलर लिहून आणलंय. प्रत्येकाला तुम्ही पायऱ्या समजावल्या, मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, भिंतीवर तक्ता लावला. सगळ्यांनी माना डोलावल्या. महिन्याभरानं विचारलं की उत्तर एकच, "घेतो ना जी पंप!" आणि तरी धाप तशीच, पहाटेची ढास तशीच. त्यातल्या ६२ वर्षांच्या एक काकू, ज्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही, दिवसातून सात-आठ वेळा निळा पंप, म्हणजे लगेच मोकळं वाटायला लावणारा, मारतात. तुम्ही विचारताय की यापेक्षा सोपं करून कसं सांगू?

मी नागपुरात १९ वर्षांपासून छातीच्या रुग्णांची फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतेय. माझं म्हणणं असं की तुमचं सांगणं आधीच पुरेसं सोपं आहे. अडचण बघण्यात आहे. तुमच्या पूर्ण वर्णनात, रुग्ण इनहेलर घेताना तुम्हाला कसा दिसला, याबद्दल एकही ओळ नाही. "घेता का?" असं विचारलं, "घेतो" असं उत्तर आलं, आणि तिथेच विषय संपला. यात तुम्हाला दोष देत नाही. माझी पहिली चार-पाच वर्षं अशीच गेली.

आणि ही गोष्ट तुमच्या-माझ्यापुरती नाही. दाबायचा पंप १९५६ साली अमेरिकेत बाजारात आला. तो बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाच्या १३ वर्षांच्या दमेकरी मुलीनं बापाला विचारलं होतं, केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध का नाही मिळत? तेव्हापासून इतकी वर्षं झाली. २०१६ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, १९७५ ते २०१४ या काळातल्या अभ्यासांचा. त्यात इनहेलर पूर्ण बरोबर घेणारे रुग्ण जेमतेम ३१ टक्के निघाले, आणि ४० वर्षांत त्यात म्हणावी अशी सुधारणा नव्हती. औषधं बदलली, मशीन बदलली, चुका त्याच राहिल्या. शिवाय नीट शिकलेला माणूससुद्धा चार-सहा आठवड्यांत पुन्हा घसरतो, हेही आता सगळे मान्य करतात. म्हणजे महिन्याभरानं तुम्हाला जे दिसतंय ते अपेक्षितच आहे.

आता मी काय करते ते सांगते. रुग्ण आला की पायऱ्या सांगत नाही. म्हणते, "काकाजी, घरी कसं घेता ते मले पाहू द्या बरं." परीक्षा घेतेय असं वाटू नये म्हणून आवाज चहा मागितल्यासारखा ठेवते. आणि मग तोंड बंद ठेवते. हे सर्वांत कठीण आहे, कारण पहिल्या पाच सेकंदांतच चूक दिसते आणि जिभेवर शब्द येतात. पण मध्येच टोकलं तर पुढच्या चुका दिसतच नाहीत, कारण तो माणूस मग तुमच्याकडे बघत-बघत करतो.

बघणं पिशवीतून इनहेलर निघतो तिथपासून सुरू करा. टोपण लावलेलं आहे का? नसेल तर तोंडाकडच्या नळीत डोकावून बघा. धूळ असते, धान्याचं टरफल असतं, एकदा मेलेली मुंगी होती. पंप हलवला का? नवीन असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी हवेत दोन-चार फवारे सोडले का? बसलेत कसे, वाकून की ताठ? आणि मग खरा मुद्दा येतो, जो तक्त्यावर एका ओळीत लिहिलेला असतो आणि कुणी करत नाही. आधी श्वास बाहेर सोडणं.

सीओपीडीत याचं महत्त्व का आहे ते समजून घेतलंत तर तुम्ही ते कधीच वगळणार नाही. या रुग्णांची अडचण हवा आत घेण्यापेक्षा बाहेर काढण्याची असते. श्वासनळ्या अरुंद झालेल्या, फुप्फुसाची लवचीकता गेलेली, त्यामुळे आधीच्या श्वासातली हवा आत साचून राहते. छाती फुगलेल्या पिपासारखी दिसते ती त्यामुळेच. भरलेल्या पिपात तुम्ही आणखी किती ओतणार? साचलेल्यातली थोडी तरी हवा बाहेर गेली, तरच औषध घेऊन येणाऱ्या श्वासाला जागा होते. पण "जोरात फुंका" असं सांगू नका. जोर लावला की कमकुवत झालेल्या नळ्या मिटतात आणि हवा अडकते. ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करून, गरम दुधावरची साय बाजूला सारतो तितक्याच हळू, जमेल तितका वेळ सोडायचं. आणि मशीनच्या तोंडात फुंकायचं नाही. पावडरच्या मशीनमध्ये तर मुळीच नाही, कारण तोंडातली वाफ पावडर ओली करते.

यानंतरचा भाग मी माझ्याच चुकीतून शिकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

काटोलकडचे एक शेतकरी काकाजी होते. पंप त्यांना जमत नव्हता. दाबायचे आधी, ओढायचे नंतर, धूर नाकासमोर. मी तीन भेटींत त्यांना घडवलं. "हळू, काकाजी, हळू. चार-पाच सेकंद ओढत राहा." इतकं छान जमलं की मी त्यांना दुसऱ्या रुग्णांसमोर करून दाखवायला सांगायची. पुढे डॉक्टरांनी औषध बदललं आणि त्यांना पावडरच्या कॅप्सूलचं मशीन दिलं. मला वाटलं, आता हे काय, हे तर सोपं आहे. दोन मिनिटांत मशीन कसं उघडायचं ते दाखवलं आणि सोडलं. दोन महिन्यांनी ते जास्तच खराब होऊन आले. घ्यायला लावलं तर काकाजींनी डोळे मिटले आणि अगदी मी शिकवलं होतं तसं, हळू, एकसंध, सुंदर ओढलं. मशीन उघडलं तर पावडर जवळपास सगळी तिथेच. ते म्हणाले, "तुम्हीच तर सांगितलं ना जी, हळू घ्या म्हणून!"

खरंच सांगितलं होतं. माझं चांगलं शिकवणंच त्यांना नडलं.

दाबायच्या पंपात औषध गॅसच्या दाबानं स्वतःच वेगात सुटतं. त्यावर तुम्ही जोरात ओढलं की ते घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं, वळणावर वळूच शकत नाही. नीट घेतलं तरी साध्या पंपातला साधारण १० ते २० टक्केच भाग फुप्फुसात पोचतो, बाकीचा बराचसा तोंडात-घशात राहतो. म्हणून पंपाला हळू, लांब श्वास. पावडरचं उलट आहे. ती मशीनमध्ये निपचित पडलेली असते. तिला उचलायला आणि तिच्या गुठळ्या फोडायला रुग्णाच्या श्वासाशिवाय दुसरी ताकद नाही. म्हणून पहिल्या क्षणापासून जोरात. हळू सुरू करून मग जोर वाढवला तर उपयोग नाही, कारण पावडर सुरुवातीलाच सुटते आणि गुठळ्या तशाच राहतात.

पंपासाठी मी म्हणते, "तोंडानं चहाची वाफ आत घ्या." पावडरसाठी, "लस्सीच्या नळीत साय अडकली, आता ओढा." विडी ओढणाऱ्या जुन्या मंडळींना "झुरका मारा, जोरदार" इतकं म्हटलं की एका फटक्यात जमतं. माझ्या एका सहकाऱ्याला हे आवडत नाही, तो म्हणतो ज्याची सवय सोडवायची त्याचीच उपमा कशाला. त्याचं म्हणणं चूक नाही. पण मी वापरते.

एकाच रुग्णाकडे पंप आणि पावडर दोन्ही असले तर हा घोळ घडणार म्हणजे घडणार. तुमच्या १४ जणांत असे किती आहेत ते आधी काढा. शक्य असेल तर डॉक्टरांना दोन ओळी लिहा की दोन्ही औषधं एकाच प्रकारच्या मशीनमध्ये मिळतील का. मशीन आपण आपल्या मनानं बदलायचं नाही, पण कळवायला काहीच हरकत नसते, आणि बहुतेक डॉक्टर ऐकतात. हेही बघा की दुकानदारानं "औषध तेच आहे" म्हणून दुसऱ्या कंपनीची कॅप्सूल दिली नाही ना. औषध तेच असेल, पण ती कॅप्सूल त्या मशीनसाठी बनलेली नसते. काही मशीन कॅप्सूल मधून तोडतात, काही तिला भोकं पाडतात.

रोटाहेलरसारख्या, कॅप्सूल मधून तोडणाऱ्या मशीनमध्ये कॅप्सूलचा पारदर्शक भाग खाली ठेवून चौकोनी भोकात पूर्ण दाबायची, वरची कड भोकाच्या बरोबरीला आली पाहिजे, मग फिरवायचं. अर्धवट दाबली तर ती तुटतच नाही आणि रुग्ण कोरडी हवा ओढत बसतो. भोकं पाडणाऱ्या मशीनमध्ये ओढताना कॅप्सूल आत घरघर फिरते. तो आवाज आला नाही तर ओढणं कमी पडलं किंवा कॅप्सूल अडकली. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांनी घेतल्यावर उघडून बघायचं. पावडर उरली असेल तर तीच पुन्हा ओढायची, नवीन कॅप्सूल टाकायची नाही.

कॅप्सूल गिळण्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण विचारून बघा. १४ मध्ये एखादा नक्की सापडेल. आणि हसू नका. चिठ्ठीवर "१ कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ" लिहिलंय, दुकानदारानं पट्टी हातात ठेवली, मशीन वेगळ्या खोक्यात. आजवर आयुष्यात प्रत्येक कॅप्सूल ज्यानं पाण्यासोबत घेतली तो हीसुद्धा गिळेल, त्यात त्याचं काय चुकलं? मी रुग्णांसमोर कॅप्सूल हा शब्दच वापरत नाही. "पुडी" म्हणते. पुडी फोडायची, ओढायची, रिकामं टरफल फेकायचं. शब्द बदलला तेव्हापासून माझ्या हाताखालच्या रुग्णांत गिळणारे जवळपास दिसेनासे झालेत.

ओढून झाल्यावर श्वास रोखणं. तक्त्यावर "१० सेकंद" असतं. रुग्ण मनात दहा आकडे मोजतो ते चार सेकंदांत. मग मी आकडे सोडून दिले. आपल्याकडे गजानन महाराजांचे भक्त घरोघर आहेत. "गण गण गणात बोते" मनातल्या मनात सावकाश पाचदा म्हणायचं. घड्याळ लावून बघितलंय, साधारण १० सेकंद होतात. दीक्षाभूमीला जाणारे माझे रुग्ण त्रिशरणाच्या तीन ओळी म्हणतात, बुद्धं सरणं, धम्मं सरणं, संघं सरणं. त्यालाही तेवढाच वेळ लागतो. एक चाचा कलमा म्हणायचे. म्हणण्यात लय असते, त्यामुळे घाई होत नाही. मात्र ज्याचा आजार फार पुढे गेलाय त्याला १० सेकंद जमणार नाहीत. चार-पाच जमले तरी घ्या. कोंडून घाबरवू नका. एकाच औषधाचा दुसरा पफ घ्यायचा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून.

आता खर्रा, म्हणजे आपल्याकडचं सुपारी-तंबाखूचं मिश्रण. हे विदर्भाबाहेरच्या कोणत्याही पुस्तकात सापडायचं नाही. गालात खर्ऱ्याची गोळी ठेवूनच पंप मारणारे मी रोज बघते. त्यांना आधी चूळ भरायला लावा, हे सोपं आहे. कठीण ते ज्यांचं तोंडच उघडत नाही. वर्षानुवर्षं सुपारी चघळून तोंडाची आतली त्वचा आखडते, दोन बोटंही आत जात नाहीत. असा माणूस मशीन दातांच्या फटीला टेकवतो, औषध दातांवर बसतं. तुम्ही कितीही शिकवा, त्याच्या तोंडाला ते मशीन लागणारच नाही. याला मास्क लावलेला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायचा पोकळ डबा, लागतो, आणि तोंडाच्या तपासणीसाठी दंतविभागात पाठवावं लागतं, कारण तोंडाची ती अवस्था कॅन्सरच्या आधीची असू शकते. ढिली कवळी असेल तर काढून घ्यायला सांगा. घट्ट बसत असेल तर असू द्या, ओठांना आधार मिळतो.

स्पेसरबद्दल माझं मत ठाम आहे. पंप लिहिलेला आहे आणि रुग्ण ६० च्या वर आहे, तर स्पेसर दिलाच पाहिजे. दाबणं आणि ओढणं एकाच क्षणी जुळवायची कसरत त्यामुळे संपते, आणि घशात बसणारं औषधही कमी होतं. दोन गोष्टी मात्र बघा. एकदम दोन-तीन पफ आत मारून मग ओढतात, ते नको. एक पफ, लगेच श्वास. एका दमात लांब ओढता येत नसेल तर तोंड न काढता साधे पाच-सहा श्वास घेतले तरी चालतं. आणि धुणं. साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा. फडक्यानं पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटून राहतं. आमच्या आयांना भांडं पुसल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून हे तीनदा सांगावं लागतं.

स्पेसर परवडत नाही, उपकेंद्रात नाही, असं तुम्ही लिहिलंय. तोपर्यंतचा एक मार्ग आहे. ५०० मिलिलिटरची पाण्याची प्लास्टिक बाटली घ्या, तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं, घट्ट बसेल असं भोक गरम तारेनं करा. बाटलीचं तोंड रुग्णाच्या तोंडात, पंप बुडाला. हा माझा गावठी शोध नाही. दक्षिण आफ्रिकेत दम्याचा झटका आलेल्या मुलांवर याची रीतसर चाचणी झाली, १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची ठरली. चाचणी मुलांवरची होती, आपले रुग्ण म्हातारे, हे लक्षात ठेवूनही मी म्हणेन की हवेत उडणाऱ्या धुरापेक्षा बाटली कितीतरी बरी. आत प्लास्टिकचे कण राहू देऊ नका, बाटली वापरण्याआधी धुऊन निथळवा.

सांधेदुखीनं बोटं वाकलेल्या आजींना पंप दाबताच येत नाही. दोन्ही हातांनी, दोन्ही तर्जन्या वर आणि अंगठे खाली असा धरायला शिकवा. तेही नाही जमलं तर स्पेसर आजींच्या तोंडात आणि दाबायला नातू.

आपल्या उन्हाळ्याबद्दलही बोलायला हवं. इनहेलरच्या खोक्यावर साधारण ३० अंशांच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. पंप स्कूटरच्या डिक्कीत, पत्र्याच्या छपराखाली, चुलीजवळच्या फळीवर ठेवलेला सापडतो. आतल्या खोलीतली भिंतीतली अलमारी बरी. आणि कूलर! पावडरच्या पुड्या पट्टीतून काढून, डब्यात भरून, कूलरसमोरच्या टेबलावर. कूलरची ओली हवा पावडर दमट करते, गुठळी होते, कॅप्सूल मऊ पडून फुटत नाही. आणि कूलर नसलेल्या घरात कोरड्या झळांनी तीच कॅप्सूल इतकी ठिसूळ होते की तिचे तुकडे पडतात. दोन्हीवर उपाय एकच. पुडी घ्यायच्या वेळीच पट्टीतून काढायची, हात कोरडे करून.

रुग्ण औषध खरंच घेतो का, हे कळायला माझ्याकडे एकच खात्रीची पद्धत आहे, आणि ती तिसरीच्या गणिताची आहे. रोज घ्यायच्या पंपात समजा १२० पफ आहेत. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे ३० दिवस. रुग्ण अभिमानानं सांगतो, "माझा पंप तीन महिने चालते." चालतो तर मग! रागावू नका. कारण विचारा. बहुतेकदा उत्तर पैशाचं असतं, नाहीतर "सवय लागते म्हणतात" हे असतं. सवयीच्या भीतीला माझं उत्तर ठरलेलं आहे, चष्म्याचीही सवय लागत नाही, गरज असते. पैशाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. सरकारी रुग्णालयात कोणता पंप मिळतो ते विचारून तोच लिहून देण्याची विनंती डॉक्टरांना करता येते, इतकंच. आकडा दाखवणारा पंप असेल तर आकडा बघा. नसेल तर पंप पाण्यात बुडवून तरंगतो का बघू नका. ती जुनी पद्धत चुकीची आहे, औषध संपल्यावरही आत नुसता गॅस उरतो आणि फवारा निघतच राहतो. नवीन पंप सुरू केला त्या दिवशीच त्यावर पट्टी चिकटवून संपायची तारीख लिहा.

शिकवताना एका भेटीत एकच चूक दुरुस्त करा. चार चुका दिसल्या तर सर्वांत घातक कोणती ते ठरवा. टोपण, पुडी न फुटणं, पंपाला जोर आणि पावडरला हळू, यातली असेल तर आधी ती. श्वास चारच सेकंद रोखला, हे पुढच्या वेळी. स्वतः करून दाखवा, मग त्यांना करू द्या, पुन्हा बघा. माझा अनुभव असा की तिसऱ्या वेळेला जमतं. नाही जमलं तर त्या दिवशी सोडा, थकलेला माणूस शिकत नाही. धाप वाढलेली असताना तर शिकवूच नका, तेव्हा फक्त उपचार.

व्हिडिओबद्दल एक सुचवते. कंपनीचा व्हिडिओ दाखवण्यापेक्षा, रुग्णानं बरोबर घेतलं की त्याच क्षणी त्याच्या नातवाच्या मोबाइलमध्ये त्याचाच व्हिडिओ काढा. स्वतःचं मशीन, स्वतःचे हात. घरी अडलं की तोच बघायचा. घरी आरसाही उपयोगी पडतो. पंप घेताना ओठांच्या कडेनं किंवा नाकातून धूर निघताना दिसला की काहीतरी सुटलं. पुढची भेट दोन आठवड्यांनी ठेवा, मग महिन्यानं, आणि दर भेटीत "पाहू द्या बरं" हे असलंच पाहिजे. तुमच्याकडे बाजाराच्या दिवशी लोक तसेही येतात, त्या दिवशी पिशवीत पंप आणायला सांगा. आशाताईंनाही हेच शिकवा, आणि कुणाला शिकवतोय ते बघा. बरेचदा सून सगळं शिकून घेते आणि ज्यांनी घ्यायचं त्या सासूबाई बाहेर बाकड्यावर बसलेल्या असतात.

स्टिरॉइड असलेलं औषध घेतल्यावर गुळण्या करून पाणी थुंकायला सांगायला विसरू नका. तोंडात पांढरी बुरशी आली, आवाज बसला की लोक औषधच बंद करतात.

काही रुग्ण तंत्र अगदी बरोबर असूनही सुधारणार नाहीत, हेही धरून चला. कुणाला जुन्या टीबीनं फुप्फुसं खराब झालेली असतात, कुणाचं हृदय कमकुवत असतं, कुणाची विडी चालूच असते, कुणी खाणीत किंवा गिट्टी फोडायच्या मशीनवर अजून कामाला जातं. नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ करून देणारं यंत्र, विकत घ्यावा का, असंही तुम्हाला विचारतील. ज्याला स्पेसरनं नीट घेता येतं त्याला बहुतेकदा गरज नसते. ज्याला श्वास रोखणं, ओढणं काहीच जमत नाही, त्याच्यासाठी डॉक्टरांशी बोला. आणि ओठ निळसर, एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, गुंगी येतेय, असं दिसलं तर पंपाचं तंत्र बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

आता तुमच्या काकू. विडी न ओढता सीओपीडी कसा, याचं उत्तर त्यांच्या चुलीत असेल. आमच्याकडच्या बायकांनी चाळीस-चाळीस वर्षं तुऱ्हाट्या आणि शेणाच्या गोवऱ्यांचा धूर घेतलाय. आता घरी गॅस असेल, तरी आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं का ते विचारा. सात-आठ वेळा निळा पंप म्हणजे एक तर तो आत पोचत नाहीये, किंवा रोजचं औषध घेतलंच जात नाहीये. मला दुसऱ्याचाच संशय जास्त आहे. निळ्यानं पाच मिनिटांत मोकळं वाटतं, रोजच्या औषधानं त्या क्षणी काहीच जाणवत नाही, मग बाई म्हणतात, "त्यानं काही फरकच पडत नाही जी." आणि ते खोकं देवघरामागे पडून राहतं. पण हा माझा नागपुरात बसून केलेला तर्क आहे. रंगावरही जाऊ नका, वेगवेगळ्या कंपन्यांचे रंग वेगळे असतात, डब्यावरचं नाव वाचा.

पुढच्या बाजाराला त्यांना घरातली सगळी औषधं पिशवीसकट आणायला सांगा. समोर बसा, "रोज कसं घेता ते दाखवा" म्हणा आणि दोन मिनिटं काही बोलू नका. पिशवीतून कोणतं मशीन आधी निघालं आणि कोणतं निघालंच नाही, तेवढं मला लिहा. पुढचं त्यावरून ठरवू.